एकीचं दुखणं दुसरीच्या कानावर

माय,

नागपूरहून दोन डॉक्टर यंदा जुळ्या माणसांना शोधत आपल्या जिल्ह्यात आले. तू असतीस तर म्हणाली असतीस, "काऊन, एकटी माणसं सरली का?" गावोगावच्या आशाताईंना त्यांनी विचारलं होतं, कोणाच्या घरी जुळी आहेत, दोन्ही हयात आहेत का, कोण कुठं राहते. गोंदियाच्या ज्या लॅबमध्ये मी लग्नाच्या आधीपासून लोकांचं रक्त काढते आहे, तिथंच त्यांचे नमुने यायचे होते, म्हणून यादी आधी माझ्या टेबलावर आली. तिच्यात आम्ही दोघी होतो. कामठ्याच्या आशाताईनं बहिणीचं नाव आणि वय लिहून पुढं शेरा मारला होता, जुळी बहीण गोंदियाले, लॅबवाली. त्या दोघांतला तरुण डॉक्टर मला समजावून सांगायला बसला, जणू मला काही येतच नाही. एकसारखी जुळी म्हणजे जन्मापासून एकाच घडणीची दोन माणसं. एक शहरात राहिली, दुसरी शेतात राबली. आता दोघींची शुगर, बीपी, वजन, सगळं शेजारी ठेवून पाहायचं. अशा पुष्कळ जोड्या पाहिल्या की रोग उपजत किती आणि राहण्या-खाण्यातून किती, याचा अंदाज येतो. बहिणीला फोन करून हेच सांगितलं तर ती म्हणाली, "म्हंजे एकच बियानं धानाच्या दोन बांधीत रोवून पाहून राहिले." म्हटलं, तसंच. "मंग कोनाच्या बांधीत पानी आधी सोडलं, तेही विचारा म्हना त्यायले," असं म्हणून ती खिदळली. तेव्हाच तिचा पाय सडायला लागला होता, हे मला माहीत नव्हतं.

तुझा नियम तुला आठवतो ना? जुळीतल्या एकीचं दुखणं दुसरीच्या कानावर घालायचं नाही. नाव काढलं की ते तिकडं जातं. खाणं-पिणं, कपडालत्ता, सगळं तू आम्हाला मोजून सारखं दिलंस. तिच्या लग्नात तिला लुगडं घेतलंस तर तसंच मलाही घेतलंस आणि अख्खं गाव हसलं की नवरी कोणती. पण दुखणं मात्र एकीचं एकीजवळ ठेवायचं. अकराव्या वर्षी मला टायफॉइड झाला तेव्हा तू तिला बाबांच्या सायकलीवर बसवून गोरेगावला मावशीकडं पाठवलंस. तिला सांगितलं, बाजार पाहून ये. मी ओसरीत बाजेवर पडले आहे, डोकं फुटतं आहे, आणि तू उंबऱ्यात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावते आहेस, "गोरेगावले गेले तं पोरीसमोर बोलू नोका बापा." चौथ्या दिवशी मावशीच्या शेजारणीनं तोंड उघडलंच. बहिणीनं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी तीही तापानं फणफणली. तू त्या शेजारणीशी मरेपर्यंत बोलली नाहीस. आम्ही दोघी एकाच विहिरीचं पाणी पीत होतो, ही गोष्ट माझ्या डोक्यात यायला पुढं आठ वर्षं आणि लॅबचा एक कोर्स जावा लागला.

कोर्सच्या पहिल्या वर्षी सुटीत घरी आले तेव्हा मी फार शहाणी झाले होते. तू चुलीजवळ भाताची पेज गाळत होतीस आणि मी पाटावर बसून तुला शिकवायला लागले. दुखणं शब्दानं जात नाही माय, जंतूनं जातं, नाहीतर रक्तातूनच येतं. तू मान वर न करता म्हणालीस, "आनि दोघीयचं रक्त कोनतं? येगयेगळं आहे का?" म्हटलं, नाही, एकच म्हण. "मंग एकीचं दुसरीकडं गेलंच ना!" मी म्हटलं, तसं नाही, तुला कळायचं नाही. तेव्हा तू भांडं खाली ठेवलंस, माझ्याकडं नीट पाहिलंस आणि म्हणालीस, "तू शिकून आली म्हून माय येडी नाही होत." बहीण दारात उभी राहून तोंडाला पदर लावून हसत होती. मला राग आला होता, तो दोन दिवस राहिला. यंदा त्या दोघांतल्या मोठ्या डॉक्टरबाई भाषण देताना म्हणाल्या, एकसारख्या जुळ्यांत एकाला शुगर निघाली तर दुसऱ्याला त्याच आठवड्यात तपासायला आणा, वाट पाहू नका. खुर्चीत बसल्या बसल्या मला तुझी चूल आठवली. तू अर्धं बरोबर होतीस, माय. दुखणं तिकडं जातं हे तुला कळलं होतं. म्हणून तर लगेच सांगायला हवं, एवढंच उलटं झालं.

आता माझं सांगते. लॅबमध्ये मशीन नीट चालतं की नाही हे पाहायला आम्ही कधी कधी आपलंच रक्त घालतो. तसं एका सकाळी मी माझं घातलं, उपाशीपोटी. आकडा पाहून मशीनला शिवी दिली, परत लावलं. परत तोच आकडा. मग दुसऱ्या बोटातून घेतलं, जसं काही दुसऱ्या बोटात दुसरी बाई असते. वहीत नावाच्या जागी मी 'मशीन तपासणी' असं लिहिलं आणि पान उलटलं. गोंदियात औषध घेतलं तर चार माणसांत बोभाटा होईल म्हणून नागपूरच्या डॉक्टरकडं गेले. गोळ्या व्हिटॅमिनच्या डबीत ठेवल्या. घरी यांना तेवढं माहीत होतं, बाकी कोणाला नाही. तेव्हा पोरीच्या लग्नाची बोलणी सुरू होती. आपल्या समाजात पाहुणे आधी शेती विचारतात आणि मग हळूच विचारतात, घरात शुगर-बीपी कोणाले? मी ठणकावून सांगितलं, कोणालाच नाही, आमची माय सत्तरीपर्यंत डोक्यावर धान्याचं टोपलं वाहात होती. ते खरंच होतं. पोरीचं लग्न झालं, ती सुखात आहे, तिला पोरगा झाला. त्यानंतर काय अडचण होती, असं तू विचारशील. काहीच नव्हती.

मला पुस्तकातलं सगळं माहीत होतं, हे तुला सांगायला हवं. मला आहे म्हणजे तिला असायची शक्यता फार मोठी आहे, हे मी वाचलं होतं, शिकाऊ पोरींना शिकवलंही होतं. पण मनाची समजूत घालायला मला काहीही चालत होतं. ती दिवसभर बांधीत वाकलेली असते, शेताच्या धुऱ्याधुऱ्यानं चालते, बसायला तिला वेळ कुठं आहे, तिला कशाला होईल? मी खुर्चीतली बाई, मला झालं. आणि तेही पुरलं नाही की तुझा नियम होताच. मायनं सांगितलं आहे, नाव काढायचं नाही. ज्या नियमाला मी तुझ्या तोंडावर हसले होते, तोच मी डोक्यावर घेऊन बसले, कारण तो सोयीचा होता. तिच्याहून मी चांगली राहते, बारीक आहे, शिकलेली आहे, आणि रोग मात्र आधी मला झाला, हे तिच्यासमोर कबूल करायची मला लाज वाटत होती. एवढीच गोष्ट आहे. त्याला दुसरं मोठं नाव नाही.

दिवाळीनंतर ती माझ्या घरी येते, दोन दिवस राहते. मागच्या खेपेला जेवताना तिनं गुलाबजामची वाटी पुढं केली आणि म्हणाली, "आनखी एक दे वं, हात आखडून नोको देऊ." शुगर पाहायचं छोटं मशीन तिच्या पाठीमागच्या कपाटात होतं, हात लांब केला असता तर मिळालं असतं. दिवसाला मी पन्नास बोटं टोचते, गोंदियातल्या अर्ध्या बाजाराची शुगर मला तोंडपाठ आहे. मी तिला दोन वाढले. ती त्या दोन दिवसांत सारखी पाणी पीत होती, तेही मी पाहिलं. म्हटलं, दिवाळीचं तेलकट खाणं आहे, लागते तहान. तिनं मला विचारलं, "तू नाही खात?" मी म्हटलं, वजन वाढते. "मोठी आली हिरोईन," असं म्हणून तिनं माझ्या गालाला चिमटा काढला.

तपासणीच्या दिवशी भाच्यानं तिला मोटरसायकलवर आणून सोडलं. जूनचं ऊन, अंगाची लाही होत होती, आणि हिनं चपलेत मोजे घातलेले. म्हटलं, हे काय? म्हणाली, "फॅशन." डॉक्टरबाईंनी आम्हाला शेजारी उभं केलं. उंची तीच, समोरचा वाकडा दात तोच, कानाची पाळी तीच. रंग तिचा उन्हानं रापलेला आणि हात खरबरीत, म्हणून लोकांना वाटतं आम्ही वेगळ्या. आमचं रक्त मला काढू दिलं नाही, त्यांच्यासोबतच्या पोरीनं काढलं. मग फॉर्म दिले. शुगर आहे का, कोणत्या साली कळली, औषध कोणतं. मी खरं लिहिलं. तपासणीच्या कागदावर खोटं लिहायला माझा हात धजावत नाही, इतक्या वर्षांची सवय आहे. खाली एक ओळ होती, जुळ्या भावंडाला कळवलं का, हो की नाही. मी 'नाही'वर खूण केली. डॉक्टरबाईंनी फॉर्म वाचला, चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं, आणि फाइलमध्ये लावला.

मग पायाची संवेदना पाहायची वेळ आली. नायलॉनच्या बारीक दोऱ्यानं तळव्याला टोचून विचारतात, कळलं का. मी मोजे काढले, झालं. बहीण मोजे काढेना. "पायाचं राहू द्या ना बाई," म्हणाली. डॉक्टरबाईंनी समजावलं, तर माझ्याकडं बोट दाखवून म्हणाली, "हिले बाहेर पाठवा पयले." मला वाटलं लाजते. मी बाहेर जाऊन बाकावर बसले. दोन मिनिटांत तरुण डॉक्टर धावतच बाहेर आला आणि मला म्हणाला, मॅडम, आत या. आत वास येत होता. तिच्या डाव्या पायाचं करंगळीजवळचं बोट काळं पडलं होतं. उन्हाळी धान कापल्यावर बांधीतलं धसकट घुसलं होतं, तिला दुखलं नाही, म्हणून तिनं हळद लावली आणि कामाला गेली. शुगरनं पाय बधिर होतात, दुखलं नाही हीच तर खरी खूण होती. तिची शुगर माझ्या पहिल्या आकड्याच्या दुप्पट निघाली. ती मला सारखी म्हणत होती, "तू कायले आली आत, जा ना."

बोट काढावं लागलं. पाय वाचला. सर्जननं सांगितलं, चार-पाच वर्षांआधी कळलं असतं तर साध्या गोळ्यांवर भागलं असतं, हे एवढं झालंच नसतं. तो ते सहज बोलला, मला उद्देशून नाही. मी मान डोलावली आणि ड्रेसिंगचं सामान आणायला खाली गेले. परत आले तेव्हा ती उशीला टेकून बसली होती. मला राग अनावर झाला होता, कोणाचा ते मला माहीत होतं, पण काढला तिच्यावर. "दोन महिने! काऊन नाही सांगितलं? मी लॅबमध्ये बसून माशा मारून राहिली का?" तिनं पाठीमागची उशी सरळ केली. मग म्हणाली, "मायनं सांगून ठेवलं होतं ना. तुले सांगितलं असतं आनि तुह्या पायाले झालं असतं तं? तू दिवसभर उभी राहते. मले का, मी बसूनही निंदन करीन." तिनं नवऱ्याला तंबी दिली होती, फोनवर माझ्याजवळ पायाचं बोलायचं नाही. पोराला शपथ घातली होती. जूनच्या उन्हात मोजे घालून ती माझ्यासमोर आली, ती माझा पाय वाचवायला. मला रडू फुटलं. ती म्हणाली, "एकच बोट गेलं वं, नऊ आहेत."

दुसऱ्या दिवशी तो तरुण डॉक्टर दोघींच्या फाइली घेऊन वॉर्डात आला. चांगला पोरगा आहे, वाईट हेतू नव्हता. तिला म्हणाला, मावशी, आता दोघींनीही सांभाळायचं, यांनाही शुगर आहे. माय, बोट कापलं तेव्हा ती रडली नव्हती. आता तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि मोठ्यानं रडली. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. "झालं! काल माह्याच तोंडून निघालं. काल सांगितलं आनि आज हिले झालं. मीच देल्लं हिले." मी तिचे हात धरले, म्हटलं, येडी का तू, असं नसते अवं, एका दिवसात होते का? ती ऐकेना. नाक पुसत तिनं विचारलं, "तुले कधी मालूम झालं?"

खाटेच्या कडेला मी बसले आहे. डॉक्टर निघून गेला आहे. ती माझ्या तोंडाकडं पाहते आहे, वाकडा दात ओठावर आला आहे, रडताना माझाही तसाच येतो. सांगायला चार शब्द पुरेसे होते. मी म्हटलं, "आत्ताच. या डॉक्टरायनंच काढलं." तिनं डोळे पुसले आणि एकदम मोठी बहीण झाली. "घाबरू नोको. सुरुवातच आहे तुही. पाय दाखव." मी चप्पल काढली. तिनं माझा पाय आपल्या मांडीवर घेतला, खिडकीच्या उजेडाकडं वळवला आणि एकेक बोट फाकवून पाहिलं. "भेग आहे अठी. तेल लावत जा. रोज पाहजो, विसरू नोको." दोन दिवसांपूर्वी नर्सनं तिला शिकवलं होतं, ते सगळं तिनं मला शिकवलं. मी हो हो म्हणत राहिले.

तेव्हापासून मी हे तुला लिहिते आहे, थोडं थोडं. पाठवायचं म्हटलं तरी कसं पाठवू? हॉस्टेलमधून मी पत्र टाकायची तेव्हा तुला वाचता येत नव्हतं, बहीणच तुला वाचून दाखवायची. डॉक्टरबाईंच्या फाइलमध्ये खरं साल लिहिलेलं आहे, आणि ती फाइल नागपूरला गेली. तिथं कोणीतरी आमचे आकडे शेजारी ठेवून हिशोब लावत असेल, उपजत किती आणि परिस्थितीमुळं किती. मी लपवलं, ते या दोहोंत कुठं धरतील मला माहीत नाही. ती तुझा नियम माझ्यासाठी पाळत होती. मी माझ्यासाठी. रविवारी सांगायचं असं मी तीन रविवार ठरवलं आहे.

आज सकाळी तिचा फोन आला. परहे, धानाची रोपं, लावायला बाया आल्या आहेत, ती धुऱ्यावर खुर्ची टाकून बसली आहे, पायात बूट घालून, सगळ्यांवर ओरडते आहे. मग आवाज खाली आणून तिनं विचारलं, "गोळी घेतली का?" म्हटलं, राहिलीच बघ आज. ती चिडली नाही. म्हणाली, "होते तसं. पयल्या पयल्यांदा विसरते मानूस."

माझं सातवं वर्ष चालू आहे, माय.